कोणता बॉस्कोलो?

आमच्या किओज्जात, या कोळ्यांच्या गावात, भर बाजारात उभं राहून 'बॉस्कोलो!' अशी हाक मारू नये. मारलीत तर अर्धा बाजार मान वळवतो, आणि उरलेला अर्धा, जो तिओत्सो आडनावाचा असतो, तो तुम्हाला हसतो. अख्ख्या गावाला जेमतेम दोन आडनावं. म्हणून इथं कुणी आडनाव सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "कोणता बॉस्कोलो?" मग पाठचं नाव सांगायचं. मांजरखाऊ. आखूडटांग्या. सात पोरींचा. कुणाच्या तरी खापरपणज्याची गावानं कधीकाळी केलेली थट्टा असते, ती लेकरानातवंडांना चिकटते आणि काही केल्या सुटत नाही. सरकारी कागदांवरसुद्धा तेच लिहितात. मांजरखाऊंच्या घरातला एक मुलगा पुढं पाद्री झाला, वेदीवर उभा राहून आशीर्वाद देऊ लागला, तरी लोक म्हणायचे, मांजरखाऊ आज बरं बोलला.

बॉस्कोलो म्हणजे रानातला. गावात औषधाला झाड नाही, तीन बाजूंनी पाणी, आणि नाव रानाचं. कधीकाळी किनाऱ्यावर रान होतं म्हणतात. ते तोडून होड्या केल्या, घरांखाली खांब ठोकले, आणि रान संपलं. रानातली माणसं तेवढी उरली आणि ती पाण्यावर गेली.

अमाबिले पुलापलीकडची, सोत्तोमारिनाची. तिचे वडील वाळूत गाजरं आणि कांदे पिकवायचे. तीही माहेरची बॉस्कोलोच, पण मातीतले बॉस्कोलो वेगळे आणि पाण्यातले वेगळे. गिल्दोचं स्थळ आलं तेव्हा तिच्या आईनं नुसतं पाठचं नाव ऐकून कपाळाला हात लावला. बॉस्कोलो परतेना. जो गेला की परत येत नाही, तो. आणि नाव काही उगाच वाटत नव्हतं. गिल्दोचा आजा समुद्रात गेला, चुलता गेला, बाप गेला. दफनभूमीत तिघांच्या नावांचे दगड होते, दगडांखाली कुणी नव्हतं.

"माझी पाळी येईपर्यंत समुद्राचं पोट भरलेलं असेल," गिल्दो म्हणायचा. हसरा गडी होता. अमाबिलेनं आईचं ऐकलं नाही.

घर कालव्यावर. खालच्या दोन पायऱ्या कायम पाण्यात, तिथं होडी बांधायची कडी, आणि जिना चढून वर स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघराची लाल फरशी अमाबिले रोज सकाळी राखेनं घासायची. नव्या नवरीची हौस, दुसरं काय! आणि गिल्दो होडी बांधून तसाच वर यायचा, बुटांतून पाणी गळतंय, मागं मासळीचा वास.

"गिल्दो! ओल्या पायांनी वर आलास तर बघ हं!"

मग तो निमूट खाली जायचा, पायरीवर बसून बूट उपसायचा आणि तिथूनच ओरडायचा, "बाईसाहेब, आता येऊ का वर?" शेजारच्या खिडक्यांतून बायका फिदीफिदी हसायच्या. अमाबिले चिडायची आणि तिला ते आवडायचंही.

हे सगळं एका हिवाळ्यापुरतं. उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आधी होडी गेली, धुकं उतरलं, आणि पुढं कधीतरी ती होडी दक्षिणेला वाळूवर रिकामी सापडली. अमाबिलेच्या पोटात तेव्हा सांते होता.

ती रडली नाही असं नाही. पण रडून झाल्यावर तिनं मासे खवलायची सुरी घेतली आणि दारापाशी गेली. दारावर गिल्दोच्या आज्यानं चाकूनं कोरलं होतं, बॉस्कोलो, आणि त्याखाली परतेना. तिनं खालचा शब्द खरवडून काढला, सपाट केला आणि वर होडीचं डांबर फासलं. खालच्या मजल्यावर ओर्सोला राहायची, गिल्दोची सख्खी आत्या. ती गल्लीत खुर्ची टाकून उशीवर दोऱ्याची लेस विणत बसलेली. तिनं हे सगळं पाहिलं.

"काय करतेस गं?"

"लपवतेय, आत्या. माझं पोर लपवतेय. गावात हजारो बॉस्कोलो आहेत. पाठचं नावच नसेल तर समुद्राला कसं सापडेल ते?"

ओर्सोलाच्या हातातल्या लाकडी कांड्या फक्त खटखट वाजत राहिल्या.

बाळ झालं तेव्हा नोंद करायला अमाबिले स्वतः गेली. कचेरीतला कारकून पादोव्हाचा, नवखा, पण एवढं तोही शिकला होता. "कोणता बॉस्कोलो?"

"नुसता."

"बाई, नुसता बॉस्कोलो असा माणूसच नसतो या गावात."

"आजपासून आहे. बाप नाही, आई समोर उभी आहे. मी सांगते तसं लिहा."

त्यानं खांदे उडवले आणि लिहिलं. घरी येताना अमाबिलेला केवढं हलकं वाटत होतं म्हणून सांगू! समुद्राला तिनं फसवलं होतं.

त्याच वर्षी हिवाळ्यात पहिलं धुकं आलं, भर दुपारी. पलीकडचं घर दिसेना. सांतेला मांडीवर घेऊन ती चुलीपाशी बसली होती, तेव्हा खिडकीखालून कुणीतरी विचारलं, "इथं कोणता बॉस्कोलो राहतो?"

पुरुषाचा आवाज. अगदी नम्र. तिला वाटलं पोस्टमन. तिनं खिडकीतून वाकून पाहिलं. खाली होडी नव्हती. पाणी हललेलंसुद्धा नव्हतं. आणि तिच्या लक्षात आलं, तो आवाज तोंडात पाणी भरलेल्या माणसासारखा होता. तिनं खिडकी लावली, बाळाचे कान दोन्ही हातांनी झाकले आणि भिंतीला पाठ लावून बसली. आवाज एक घर पुढं गेला. "इथं कोणता बॉस्कोलो?" मग आणखी पुढं.

त्यानंतर धुकं आलं की तो यायचाच. दरवाजा वाजवायचा नाही, धमकवायचा नाही, नुसता विचारायचा आणि थोडा वेळ थांबायचा. ते थांबणंच तिला सोसत नसे. तिची खात्री होती, समुद्र आपला पुढचा परतेना शोधत फिरतोय. एकदा तिनं ओर्सोलाला विचारलं, "आत्या, तुम्हाला येतो का हो ऐकू?"

"मला नाही बाई. तुला येतो ना? मग त्याचं काम तुझ्याकडेच असणार. विचार एकदा, काय हवंय."

"मला ठाऊक आहे काय हवंय ते!" अमाबिले ओरडली. "तुमच्या घराण्याला माणसं गमावून गमावून सवय झालीय."

सांतेला तिनं पाण्याजवळ फिरकू दिलं नाही. रोज पुलावरून मामाच्या मळ्यावर न्यायची, गाजरं उपटायला. पण पोर वाढलं तसं त्याला कळायला लागलं. शाळेत मास्तरांनी 'सांते बॉस्कोलो' म्हटलं की तिघं उभे राहायचे. दोघं आपलं पाठचं नाव सांगून बसायचे, हा तसाच उभा. मुलं टोचायची, "अरे, तुला आज्याबिज्या नव्हता का? कोबीच्या पानाखाली सापडलास?" ओर्सोलानं त्याला खरं नाव सांगितलं होतं. पण आईसमोर ते उच्चारायची त्याची छाती नव्हती.

मिसरूड फुटल्यावर मात्र झाली. जेवताना मक्याच्या पोलेंटाची ताटली पुढं सारून तो म्हणाला, "आई, मी बेपीच्या होडीवर जाणार. ठरलंय."

"मामाचा मळा आहे ना?"

"मामाचा आहे. माझं काय आहे? साधी हाक मारावी असं नावसुद्धा नाही मला. मेलो तर दगडावर काय लिहाल? नुसता?"

अमाबिलेनं त्याला थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदाच. आणि दुसऱ्या दिवशी बेपीचं घर गाठलं. बेपीही बॉस्कोलोच, आखूडटांग्यांपैकी. पिंपासारखा रुंद आणि मनानं मऊ माणूस. "पोराला ने," ती म्हणाली, "मी काही त्याला बांधून ठेवू शकत नाही. पण तुझ्या बायकापोरांची शपथ आहे तुला, पाण्यावर त्याला त्या नावानं हाक मारायची नाही." बेपीनं क्रॉसवर हात ठेवून शपथ घेतली.

सांत मार्तीनच्या सणाच्या दिवसांत, पोरं गल्लीगल्लीत झाकण्या बडवत गोड मागत फिरत होती, तेव्हा दुपारी धुकं उतरलं. असं की स्वतःचा हात दिसेना. झाकण्यांचा आवाज बंद झाला. अमाबिले शाल ओढून धक्क्यावर धावली.

धुक्यात आमच्याकडे बायका धक्क्याच्या टोकाला उभ्या राहतात आणि घरचं पाठचं नाव पुकारतात. आवाज ओळखू येत नाही त्यात, सगळ्यांचे सारखेच लागतात, शब्द तेवढा पोचतो. 'सात पोरींचाऽऽ' असं एकीनं पुकारलं, मग सगळ्या गप्प, आणि आतून कुठूनतरी 'ओऽ'. त्या हाकेच्या रोखानं होडी आत येते. मग दुसरी पुकारते. एकेक होडी येत होती. बायका आपापला माणूस चाचपून बघत होत्या, शिव्या घालत होत्या, पाव-रस्सा तयार आहे म्हणत होत्या.

बेपीचीही होडी आली. बेपी उतरला आणि टोपी हातात घेऊन अमाबिलेसमोर उभा राहिला.

"मागं छोटी होडी बांधली होती," तो म्हणाला. "सांते तीत बसून जाळं गोळा करत होता. धुकं आलं आणि दोरी सुटली. हाका मारल्या गं. 'सांते' म्हटलं तर तीन होड्यांतून ओ आली. 'बॉस्कोलो' म्हटलं तर सगळीकडून. कुठं वळू तेच कळेना. मग त्याचा आवाज यायचाच बंद झाला."

"आणि त्याच्या पाठच्या नावानं का नाही मारलीस?" मागून ओर्सोला कडाडली. म्हातारी काठी टेकत इथवर आली होती.

"मला शपथ घातली होती, मावशी."

सगळ्या बायका अमाबिलेकडे बघायला लागल्या. लपवायला गेली आणि असं लपवलं की स्वतःलाच सापडेना.

"मार हाक," ओर्सोला म्हणाली.

"नाही! आत्या, समुद्र ऐकेल. इतकी वर्षं विचारतोय तो. आता मीच ओरडून सांगू, हा घे म्हणून? आणि काय ओरडू? परतेना? माझ्या तोंडानं पोराला सांगू की तू परत येणार नाहीस?"

"अगं मूर्खे!" ओर्सोलानं काठी आपटली. "हे नाव समुद्रानं दिलेलं नाही, बायकोनं दिलंय. माझ्या खापरपणजीनं. तिचा नवरा रोज संध्याकाळी 'आलोच' म्हणून गुत्त्यावर जायचा. ती खिडकीत उभी राहून गावभर ऐकवायची, 'परतेना गं बाई, हा मेला परतेना!' लोकांनी तेच उचललं. आणि तो रोज पहाटे परत यायचा, झिंगून, गात गात. म्हातारा होऊन अंथरुणात मेला, माहीत आहे?"

"मग बाकीचे? गिल्दो?"

"ते कोळी होते म्हणून गेले. मांजरखाऊंचे आमच्यापेक्षा जास्त गेलेत. त्यांना काय मांजरानं नेलं?"

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"दार खरवडताना मला विचारलं होतंस?" ओर्सोलाचा आवाज चिरकला. "तुझं दुःख मोठं होतं, मी गप्प बसले. चुकलं माझं. आता तू गप्प बसू नकोस."

अमाबिले धक्क्याच्या अगदी कडेला गेली. इतकी वर्षं तो शब्द तिनं मनातसुद्धा उच्चारला नव्हता. पुढं नुसतं पांढरं. तिला त्या खिडकीतल्या बाईची आठवण झाली, जिला तिनं कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्याच्या नावानं बोंबलणारी, चुलीवर रस्सा आटत चाललेला.

"परतेनाऽऽ!" ती ओरडली. पहिल्यांदा रडल्यासारखं. मग तिला राग आला. पोराचा, गिल्दोचा, धुक्याचा, स्वतःचा. "परतेनाऽऽ! अरे, घरी यायचंय की नाही? किती वाट बघायची माणसानं! परतेनाऽऽ!"

आणि धुक्यातून ओ आली.

एक नाही, दोन. एक कोवळी, घाबरलेली. आणि तिच्याबरोबरच एक जाड, जड, तोंडात पाणी भरल्यासारखी. कुणीतरी छातीवर क्रॉस काढला. मग वल्ह्यांचे आवाज आले. दोन होड्यांचे, एकीमागून एक. ते धक्क्याशी थांबले नाहीत, बाजूनं कालव्यात शिरले आणि गावाकडे गेले. दिसलं मात्र कुणालाच काही नाही.

अमाबिले धावत सुटली. भिंती चाचपत, पुलाच्या पायऱ्यांवर ठेचकाळत. घरात शिरली तर जिन्याच्या वर, स्वयंपाकघराच्या दारात, सांते उभा. भिजून चिंब, दात वाजतायत. तिनं त्याला आवळलं, त्याचे केस ओढले, पाठीत गुद्दे घातले, मुके घेतले.

"मी वल्हं टाकून बसलो होतो, आई," सांते म्हणाला. "कुठं जायचं तेच कळत नव्हतं. तेवढ्यात एक होडी जवळ आली. त्या माणसानं विचारलं, पोरा, कोणता बॉस्कोलो? मी म्हटलं, नुसता. तो म्हणाला, मग मी तुला कुठं नेऊ? आणि थांबला. आम्ही दोघं तसेच थांबलो. मग तुझी हाक आली. आई, आम्ही दोघांनी एकदमच ओ दिली."

अमाबिलेचे हात त्याच्या खांद्यावर तसेच राहिले.

"तो हसला. म्हणाला, म्हणजे आपण एकाच घरचे, चल. पुढं तो, मागं मी. म्हणाला, मी फार दिवस हे घर शोधतोय. धुक्यात सगळी दारं सारखी, सगळ्यांवर बॉस्कोलो. लोकांना विचारतो, पण कुणी सांगतच नाही."

इतके हिवाळे. इतक्या वेळा खिडकी लावली, बाळाचे कान झाकले. आणि तो पुढच्या घरी जाऊन विचारायचा, मग त्याच्या पुढच्या. आपल्याच दारासमोरून.

"कुठं आहे तो?" तिनं विचारलं.

"खाली आहे. पायरीवर बसलाय," सांते म्हणाला. "मी म्हटलं वर चला, शेकोटीपाशी बसा. तर नको म्हणाला. म्हणाला, आधी वर जाऊन विचारून ये. माझे पाय ओले आहेत, वरच्या बाईंना चालत नाही."

अमाबिलेनं दिवा उचलला आणि जिन्याच्या तोंडाशी गेली. खाली अंधार होता, पाण्याचा चुबुकचुबुक आवाज होता, आणि कडीला कसलीतरी दोरी घासत होती. दिव्याचा उजेड अर्ध्या जिन्यापर्यंतच पोचत होता.

"गिल्दो," ती म्हणाली. "दार मी खरवडलं रे. मीच." मग तिनं डोळे पुसले. "ये वर. ओल्या पायांनी ये."

थोडा वेळ काही झालं नाही. मग उजेडाच्या कडेला एक पायरी ओली झाली. त्यानंतर तिच्या वरची. मग तिच्याही वरची. अमाबिले दारातून बाजूला झाली आणि सांतेला म्हणाली, बाबांना खुर्ची दे. लाल फरशीवर पाण्याची पावलं शेकोटीपर्यंत गेली, आणि तिनं ती पुसली नाहीत.